यंत्रावरची टीका : ‘थिंकपॅड-एसीपीआय’ या ड्रायव्हरचे वाचन

‘टीका’ या शब्दाचा जुना अर्थ आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. आज टीका म्हणजे दोष काढणे. पूर्वी टीका म्हणजे मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणे. ज्ञानेश्वरी ही या अर्थाने गीतेवरची टीका. प्रस्तुत लेखात मी एका मजकुराकडे याच जुन्या अर्थाने टीका म्हणून पाहणार आहे आणि मग आजच्या अर्थाने त्याच्यावर थोडी टीकाही करणार आहे. हा मजकूर म्हणजे लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीतला एक ड्रायव्हर आणि त्याच्या सोबतचे माहितीपत्र. नाव ‘थिंकपॅड-एसीपीआय’. लॅपटॉपचा पंखा, बॅटरीचे चार्जिंग, पडद्याचा उजेड, खास कळा यांवर मालकाला ताबा मिळवून देणे हे त्याचे काम.

वाङ्मयीन अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझे उत्तर असे की, पाठभेद, कर्तृत्व, टोपणनाव, गुप्त लिपी हे जे प्रश्न जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांना पडले, ते सगळे या मजकुरात पुन्हा उभे राहिले आहेत. शिवाय आज मराठी ज्या यंत्रावर लिहिली जाते, त्या यंत्राचा धनी कोण, हा प्रश्न लेखकाला परका असू नये.

यंत्रातले यंत्र

कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात; लष्करातल्या कर्नलशी त्याचा काही संबंध नाही. आपण वापरतो ते प्रोग्राम आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यामधला तो मध्यस्थ. कर्नलला यंत्राच्या एकेका भागाशी बोलता यावे म्हणून जो दुभाषा लागतो, तो ड्रायव्हर.

लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसरशिवाय आणखी एक छोटा संगणक दडलेला असतो. त्याला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. पंखा किती वेगाने फिरवायचा, बॅटरी कुठवर भरायची, एखादी खास कळ दाबली तर काय करायचे, हे तो पाहतो. त्याच्यातला प्रोग्राम कंपनीचा आणि बंद. कार्यप्रणालीने यंत्राशी कसे बोलावे याचा एक सामायिक मसुदा इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केला, तो एसीपीआय. सर्वसाधारण गोष्टी त्या मसुद्यात बसल्या. प्रत्येक कंपनीच्या खास सोयी मात्र तिच्या खासगी बोलीत राहिल्या. विंडोजसाठी कंपनी स्वतःच दुभाषा देते, त्यामुळे विंडोज वापरणाऱ्याला या बोलीचा पत्ताही लागत नाही. लिनक्स वापरणाऱ्याचा लॅपटॉप सुरू होतो, चालतो; पण त्या खास कळा मुक्या राहतात आणि पंखा आपल्याच मर्जीने फिरतो.

आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपची ही बोली शिकण्याचे काम बोरिस्लाव डेयानोव यांनी २००४ मध्ये हाती घेतले. त्यांच्या ड्रायव्हरचे नाव ‘आयबीएम-एसीपीआय’. २००६ पासून ब्राझीलचे एन्रीके दि मोराइस होल्शू यांनी तो सांभाळला, वाढवला, आणि २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२२ या आवृत्तीत त्याला आजचे नाव मिळाले. मधल्या काळात, २००५ मध्ये, आयबीएमचा हा धंदा लेनोवोकडे गेला होता. तरीही ज्या फोल्डरमधून पंख्याशी बोलायचे, त्याचे नाव ‘आयबीएम’च राहिले. घर विकले गेले, पण दारावरची पाटी जुन्या मालकाची, असा हा प्रकार. माहितीपत्र वाचताना असे थर जागोजागी लागतात, आणि ते पुसून टाकलेले नाहीत ही मला त्याची पहिली जमेची बाजू वाटते.

वासना आणि तारांकन

या माहितीपत्रातला माझ्या आवडीचा भाग कंट्रोलरच्या नोंदवहीविषयीचा आहे. एम्बेडेड कंट्रोलरच्या आत २५६ खाने असतात आणि प्रत्येकात एक आकडा. कोणत्या खान्यात काय आहे हे कंपनीला ठाऊक, बाहेरच्याला नाही. ड्रायव्हर पूर्वी हे सगळे खाने सोळा ओळी, सोळा स्तंभ अशा तक्त्यात छापून दाखवत असे. तोच तक्ता पुन्हा मागितला, तर मधल्या वेळात जे आकडे बदलले त्यांच्यापुढे तारांकन येत असे.

पंख्याच्या वेगाची नोंद कोणत्या खान्यात आहे हे शोधण्याची रीत त्या वेळच्या माहितीपत्रात पायरीपायरीने दिली होती. बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, म्हणजे चार्जिंगमुळे बदलणारे आकडे मधे येणार नाहीत. पंखा चालू असू द्या. मग तक्ता पुन्हापुन्हा पाहा आणि कोणत्या खान्यांना तारा लागतो ते टिपा. एवढेच. ही तर पाठसंशोधनाची रीत झाली. दोन पोथ्या शेजारी ठेवायच्या, जे सारखे ते सोडून द्यायचे आणि जिथे फरक पडतो तिथे बोट ठेवायचे. बंद ग्रंथ उघडण्याचा याहून साधा मार्ग माझ्या वाचनात नाही.

पुढचा भाग तापमानाचा. थिंकपॅडमध्ये ठिकठिकाणी तापमापक बसवलेले असतात. पण कितवा तापमापक कुठे आहे हे मॉडेलगणिक बदलते. माहितीपत्राने इथे एकच अधिकृत यादी देण्याचा आव आणलेला नाही. अमुक मॉडेलवर दुसरा तापमापक अमुक भागापाशी आहे, असे लिहून ती माहिती कोणाकडून मिळाली याचीही नोंद केली आहे. दुसऱ्या मॉडेलची वेगळी यादी, वेगळा सांगणारा. जिथे तापमापकच नाही, तिथे ड्रायव्हर उणे १२८ असा अशक्य आकडा दाखवतो, म्हणजे ‘इथे काही नाही’ हेसुद्धा लपून राहत नाही.

हे वाचताना मला लीळाचरित्र आठवले, आणि ते ओढूनताणून नव्हे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात रिद्धपूरला चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या माणसामाणसाला विचारून. पुढे धामधुमीत मूळ प्रत हरवली, आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, आणि त्यातून पाठभेद आले. महानुभावांनी ते भेद झाकले नाहीत. अमक्याच्या आठवणीप्रमाणे असे, तमक्याच्या आठवणीप्रमाणे तसे, हे त्यांनी ‘वासना’ या नावाने नोंदवून ठेवले. या ग्रंथाचे एक मोठे संपादक वि. भि. कोलते हे आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे. लोणार, मेहकर ही या जिल्ह्यातली गावेही लीळाचरित्रात येतात. या भागात वाढलेल्या माणसाला ‘सांगणाऱ्याचे नाव लिहावे, भेद असेल तर तोही लिहावा’ ही शिस्त नवी वाटू नये. थिंकपॅडच्या माहितीपत्रात तीच शिस्त सातशे वर्षांनी, दुसऱ्याच कारणासाठी आलेली आहे. ज्याला मूळ संहिता कोणी दिली नाही, त्याला ऐकीव पुराव्यावर काम करावे लागते. आणि ऐकीव पुराव्याची लाज न बाळगता जो त्याचा उगम सांगतो, तोच पुढे दुरुस्त होऊ शकतो.

पंख्याचा जागल्या

टीकाकाराची दुसरी कसोटी जबाबदारीची. वाचकाला अधिकार दिला की धोकाही दिला जातो. पंखा मालकाच्या हाती आला, तर मालक तो बंदही करू शकतो आणि यंत्र भाजू शकते.

ड्रायव्हरने पंख्याला शून्यापासून सातपर्यंत पायऱ्या दिल्या आहेत. शून्य म्हणजे बंद. शिवाय ‘आपोआप’ ही एक स्थिती आहे आणि नियंत्रण सोडून पूर्ण वेगाने फिरण्याची एक. पण हे सारे सुरुवातीला कुलूपबंद असते. ड्रायव्हर सुरू करताना मालकाने ‘पंख्याचा ताबा मला हवा’ असे मुद्दाम सांगितल्याखेरीज ते उघडत नाही. आणखी एक सोय आहे. पंखा चालवण्यासाठी मालकाने एखादा प्रोग्राम लावला आणि तो मधेच बंद पडला तर? त्यासाठी एक घड्याळ लावून ठेवता येते, जास्तीत जास्त १२० सेकंदांचे. तेवढ्या वेळात पंख्याला नवा हुकूम मिळाला नाही, तर ड्रायव्हर स्वतःच पंखा सुरक्षित स्थितीत नेऊन ठेवतो. इंग्रजीत याला राखणदार कुत्र्याचे नाव आहे. आपल्याकडे याला जुना शब्द आहे : जागल्या. गाव झोपलेले असताना जागा राहणारा.

या रचनेमागे माणसाविषयीची एक समजूत आहे. मालक शहाणा आहे, त्याला हवे ते करण्याचा हक्क आहे. पण तो झोपू शकतो, विसरू शकतो. कंपनीची समजूत वेगळी असते : मालक काहीतरी बिघडवेल, म्हणून त्याला दारच दाखवू नये. दोन्ही भूमिकांना यंत्राची काळजी आहे. फरक आहे तो मालकाला सज्ञान समजण्या-न समजण्याचा.

टोपणनावाचा लेखक

आता कर्तृत्वाचा प्रश्न. थिंकपॅडच्या बॅटरीचे चार्जिंग अमुक टक्क्यांवर सुरू व्हावे आणि अमुक टक्क्यांवर थांबावे, ही सोय जुन्या मॉडेलांसाठी आधी दुसऱ्याच एका ड्रायव्हरने दिली : ‘टीपी-एसएमएपीआय’. त्याच्या लेखकाने स्वतःचे नाव ‘शेम मल्टिनिमस’ असे लावले. हिब्रूत ‘शेम’ म्हणजे नाव. ‘नाव : बहुनामी’ असे काहीसे हे उघडउघड टोपणनाव होते. २००६ मध्ये या लेखनातला काही भाग मुख्य कर्नलमध्ये घेण्यासाठी पुढे आला, तेव्हा ज्या आक्षेपांवर तो अडला त्यांत एक हा होता : सही खऱ्या नावाची नाही. यंत्राविषयीची माहिती लेखकाला कुठून मिळाली, हा दुसरा.

मराठी वाचकाला हे विचित्र वाटेल. गोविंदाग्रज, केशवसुत, कुसुमाग्रज, ग्रेस या नावांशिवाय आपली कविता पुरी होत नाही. खरे नाव सांगितल्याशिवाय कविता छापणार नाही असे कोणा संपादकाने म्हटले असते, तर आपण हसलो असतो. मग कर्नलचे संपादक असे का वागले?

त्याचे कारण कोर्टात आहे. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने लिनक्समध्ये आपल्या मालकीचे लेखन घुसवले गेल्याचा दावा करून आयबीएमवर खटला भरला. त्यानंतर, २००४ मध्ये, लिनस टॉरवाल्ड्स यांनी प्रत्येक लेखकाकडून सही घेण्याची पद्धत घातली. ‘हे लेखन माझे आहे, किंवा ते देण्याचा मला अधिकार आहे’ असे त्या सहीने लेखक सांगतो. नियम होता की सही खऱ्या नावाची हवी. टोपणनाव चालणार नाही. म्हणजे इथले नाव शीर्षकाखालच्या नावासारखे नाही, ते खरेदीखतावरच्या नावासारखे आहे. कवितेखालचे टोपणनाव वाचकाला फसवत नाही, कारण कविता आपल्या पायावर उभी असते. उद्या ही वस्तू चोरीची निघाली तर कोणाला विचारायचे, असा प्रश्न कवितेला सहसा विचारावा लागत नाही. खरेदीखताला तो पहिल्याच दिवशी विचारावा लागतो.

माझे मत असे आहे की, त्या वेळी कर्नलवाल्यांचे चुकले नाही. पण त्या नियमाची किंमत नियम करणाऱ्यांनी मोजली नाही. ती वापरणाऱ्यांनी मोजली. बहुनामीचा ड्रायव्हर मुख्य कर्नलच्या बाहेर राहिला. ज्याला तो हवा असेल त्याने शोधून, जुळवून, प्रत्येक नव्या कर्नलसोबत पुन्हा बसवायचा. थिंकपॅडच्या चार्जिंगची मर्यादा मुख्य कर्नलच्या आत आली ती २०१८ मध्ये, ४.१७ या आवृत्तीत, नव्या मॉडेलांसाठी आणि वेगळ्या वाटेने. बारा वर्षे गेली. पुढे २०२३ मध्ये नियमाची भाषाही सैल झाली : जन्मनावाचा आग्रह सुटला, लेखक त्या नावाने लोकांना ओळखीचा असला म्हणजे पुरे; निनावी मात्र नको. म्हणजे टोपणनाव आणि निनावीपणा यांतला फरक, जो मराठी वाचकाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे, तो कर्नलच्या नियमांत उमटायला जवळजवळ दोन दशके लागली.

किल्ली कुठवर लागते

इथवर वाचून कोणाला वाटेल की खुला ड्रायव्हर आला, म्हणजे यंत्र खुले झाले. तसे नाही, आणि या मजकुराच्या मर्यादेकडे डोळेझाक करणे हे समीक्षेला शोभणार नाही.

ड्रायव्हर ही टीका आहे; मूळ ग्रंथ अजून कंपनीकडेच आहे. मी चार्जिंगच्या मर्यादेच्या फायलीत ८० हा आकडा लिहितो, तेव्हा ड्रायव्हर तो कंट्रोलरला कळवतो. तो पाळायचा की नाही हे कंट्रोलरमधला बंद प्रोग्राम ठरवतो. लेनोवोच्याच आयडियापॅड मालिकेचे उदाहरण घ्या. तिथेही खुला ड्रायव्हर आहे. पण बॅटरी जपण्याची जी सोय आहे, तिला फक्त चालू आणि बंद अशा दोन स्थिती आहेत. किती टक्क्यांवर थांबायचे तो आकडा कंपनीने आत ठरवून टाकलेला. मूळ ग्रंथात जो शब्दच नाही, त्याचा अर्थ टीकाकाराने कुठून आणावा?

इथे महानुभावांचीच दुसरी बाजू आठवते. ज्यांनी सांगणाऱ्यांच्या नावांसह पाठभेद जपले, त्यांनीच पुढे आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. हेतू जपण्याचा होता. परिणाम असा झाला की पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला आपल्या भाषेतले सर्वांत जुने गद्य कित्येक शतके वाचताच आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, आणि मग वि. ल. भावे, य. खु. देशपांडे अशा अभ्यासकांनी हे वाङ्मय सर्वांपुढे आणले. आत कितीही काळजीपूर्वक नोंदी असोत, किल्ली एका गटाच्या हाती असेल तर बाहेरच्याला त्या नोंदींचा उपयोग नाही. मजकूर डोळ्यांना दिसणे हा मोकळेपणाचा फक्त आरंभ आहे. वाचणाऱ्याने काढलेली चूक परत मजकुरात जाऊ शकते का, यावर त्याची परीक्षा होते. थिंकपॅडचा ड्रायव्हर या परीक्षेत उतरतो. त्याच्या खालचा कंट्रोलर उतरत नाही.

अलीकडे एक बदल झाला आहे, तोही सांगायला हवा. लेनोवोचे स्वतःचे अभियंते आता या ड्रायव्हरमध्ये लेखन करतात. कमी वीज, समतोल आणि पूर्ण ताकद अशा तीन चालींतून निवड करण्याची सोय २०२१ मध्ये आली ती त्यांच्या सहभागातून. मूळ ग्रंथकारच टीकाकारांच्या पंगतीत येऊन बसला, असे म्हणायला हरकत नाही. त्याने काही गोष्टी सोप्या झाल्या. पण तो जेवढे सांगेल तेवढेच खरे मानायची सवय लागू नये. तारांकनाची ती जुनी रीत यासाठीच जपली पाहिजे.

धाडमधून पाहताना

मी राहतो ते धाड बुलढाणा जिल्ह्याच्या कडेला, जालना जिल्ह्याच्या सीमेजवळ आहे. इथल्या विद्यार्थ्यांच्या, दुकानदारांच्या हाती लॅपटॉप येतो तो बऱ्याचदा जुना. मोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप दुरुस्त होऊन बाजारात येतात, त्यांत थिंकपॅड पुष्कळ असतात. घेणाऱ्याच्या दृष्टीने त्यातला सर्वांत नाजूक भाग बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी म्हातारी करतात : उष्णता आणि सतत पूर्ण भरलेले राहणे. आमच्याकडे उन्हाळ्यात दोन्ही एकत्र येतात. वीज जाईल या भीतीने लॅपटॉप दिवसभर जोडलेला, बॅटरी शंभर टक्क्यांवर आणि खोलीतला पत्रा तापलेला.

म्हणून मी उन्हाळ्यात चार्जिंगची मर्यादा ८० वर ठेवतो. मृगाची वादळे सुरू झाली की ती १०० करतो, कारण तार तुटली तर वीज केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही आणि त्या रात्री लिहिण्याचे काम थांबवायचे नसते. हा निर्णय ऋतूवर, गावावर, कामावर अवलंबून आहे. यंत्र घडवणाऱ्याला धाडचा मृग माहीत असण्याचे कारण नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. ज्याला माहीत आहे, त्याच्या हाती तो आकडा असावा, एवढाच मुद्दा आहे. थिंकपॅडवर तो असतो. शेजारच्या मुलाच्या दुसऱ्या लॅपटॉपवर तो नसतो, कारण त्या मॉडेलवर अजून कोणी टीका लिहिलेली नाही.

महाराष्ट्रात या दिशेने काहीच झाले नाही असे नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने विद्यार्थ्यांसाठी लिनक्सवर चालणारा एक स्वस्त लॅपटॉप पुढे आणला आणि त्याच्या कर्नलचे लेखनही खुले केले. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठी आवाजात तयार केले. पण हे धडे वापरायला शिकवतात. यंत्राच्या पोटात काय चालते हे सांगणारे लेखन मराठीत नाही.

मराठीत का नाही

या माहितीपत्राचे दोषही सांगितले पाहिजेत. त्यात जुनी आणि नवी रीत शेजारी-शेजारी नांदते आणि नवख्याने कोणती धरावी हे पटकन कळत नाही. इशारे आहेत, पण काही ठिकाणी ते समजावण्याऐवजी घाबरवतात. आणि ते ज्या वाचकाला उद्देशून लिहिले आहे, त्याला इंग्रजी येते आणि काळ्या पडद्यावर हुकूम टंकायला भीती वाटत नाही, हे गृहीत धरले आहे.

यातला शेवटचा दोष त्या लेखकांच्या माथी मारता येणार नाही. कर्नलच्या कागदपत्रांत भाषांतरांसाठी वेगळी जागा राखलेली आहे. तिथे चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश भाषांतरे आहेत. मराठी नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेचे जुनेपण सांगताना आपण लीळाचरित्राचे नाव घेतो. ते लीळाचरित्र म्हणजे विद्वानांची भाषा बाजूला ठेवून, लोकांच्या बोलीत, सांगणाऱ्याच्या नावानिशी केलेली नोंद होती. त्याचा वारसा सांगायचा, तर आजच्या गुंतागुंतीच्या गोष्टी मराठीत नोंदवण्याचे कष्टही घ्यावे लागतील.

शब्द नाहीत ही सबब इथे चालणार नाही. पंख्यावर नजर ठेवणाऱ्या घड्याळाला जागल्या आहे. नियंत्रण सुटून पूर्ण वेगाने फिरणाऱ्या पंख्याला मोकाट हा शब्द बसतो. चार्जिंग जिथे थांबते त्या आकड्याला उंबरठा म्हणता येईल. इंग्रजी शब्दाचाही मूळ अर्थ तोच. मॉडेलागणिक बदलणाऱ्या तापमापकांच्या याद्यांना तर वासना हा तयार शब्द आहे. बॅटरी, पंखा, चार्जिंग हे शब्द आहेत तसेच राहू द्यावेत, ते आता मराठीच आहेत.

भाषांतर करताना आणखी एक गोष्ट घडते, ती मला अधिक महत्त्वाची वाटते. जे वाक्य भाषांतरकाराला नीट कळत नाही, तिथे तो अडतो. तो अडला की मूळ लेखकाला विचारतो, आणि पुष्कळदा मूळ वाक्यच धूसर निघते. मग ते दुरुस्त होते आणि दुरुस्ती करणाऱ्याचे नाव तिथे लागते. थिंकपॅडच्या या माहितीपत्राचा तापमापकांचा भाग दोन-तीन पानांचा आहे. एखाद्या महाविद्यालयातल्या मराठीच्या आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून तेवढाच भाग मराठीत आणला, तरी सुरुवातीला पुरेसे होईल.